टाकी भरली की मोटर बंद : घरातील पहिली एम्बेडेड प्रणाली स्वतः उभारताना

कपडे धुण्याचे यंत्र, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, डिजिटल वीजमीटर या सगळ्यांच्या आत एक छोटा संगणक बसलेला असतो आणि तो एकच काम वर्षानुवर्षे करत राहतो. यालाच एम्बेडेड प्रणाली म्हणतात. ती शिकण्यासाठी दिवे लुकलुकवणारे प्रयोग पुरेसे नाहीत, कारण त्यांत चुकले तरी काही बिघडत नाही. ज्यांना हे तंत्र मनापासून शिकायचे आहे त्यांना मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करायला सुचवतो. काम रोजचे आहे, उपयोग घरातल्या प्रत्येकाला दिसतो आणि चूक झाली तर पाणी वाहून जाते किंवा मोटर जळते, त्यामुळे जबाबदारीने विचार करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागते.

पुढची सगळी मांडणी एका नियमावर उभी आहे : तार तुटो, वीज जावो किंवा प्रोग्राम अडको, यांपैकी काहीही घडले तरी मोटर बंदच राहिली पाहिजे. बहुतेक नवशिके सगळे सुरळीत चालले असता काय होईल याचाच विचार करतात. घरात कायम राहणाऱ्या उपकरणाची खरी परीक्षा मात्र बिघाडाच्या वेळी होते.

हा लेख खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या, एक अश्वशक्तीपर्यंतच्या सिंगल फेज मोनोब्लॉक मोटरसाठी आहे. बोअरवेलमधील सबमर्सिबल मोटरला कपॅसिटर असलेले वेगळे पॅनेल असते. तिथे हीच जोडणी जशीच्या तशी करू नये.

आधी काय जमवावे

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे खालील बहुतेक वस्तू एकाच फेरीत मिळतात. इतरत्र त्या ऑनलाइन मागवता येतात.

- ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड (आपला प्रोग्राम चालवणारा छोटा संगणक) आणि डेटा वाहून नेणारी यूएसबी केबल
- ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर
- ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने संकेत पुढे देणारा भाग) असलेले ५ व्होल्टचे, एकाच रिलेचे मोड्यूल; रिले म्हणजे विजेच्या संकेताने चालू-बंद होणारा स्विच
- २३० व्होल्ट कॉइलचा, एसी-३ वर्गात (मोटरच्या भारासाठीचा वर्ग) किमान ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा रिलेसारखा स्विच, आणि त्याला जुळणारा, जास्त करंट गेल्यास मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले
- दोन केबल फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर-खाली होणारे तरंगते स्विच) : एक वरच्या टाकीसाठी, एक खालच्या
- पाण्यापासून सुरक्षित असलेला जेएसएन-एसआर०४टी अल्ट्रासोनिक सेन्सर (ध्वनिलहरींनी पाण्यापर्यंतचे अंतर मोजणारा; ऐच्छिक)
- ४.७ आणि १ किलोओहमचे रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर
- मल्टिमीटर, टेस्टर, सोल्डरिंगचे साहित्य, आयपी६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारा) प्लॅस्टिकचा डबा आणि केबल ग्लँड (केबल घट्ट धरणारी बूच)

कागदपत्रांपैकी दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात. पहिली, मोटरवरच्या पाटीचा फोटो, कारण ओव्हरलोड रिले तिच्यावर लिहिलेल्या करंटनुसारच लावावा लागतो. दुसरी, आपण विकत घेतलेल्या नेमक्या बोर्डाचा पिनांचा नकाशा. सोसायटीची सामाईक टाकी असेल तर काम सुरू करण्यापूर्वी व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्यावी.

१. प्रोग्राम लिहिण्याआधी अवस्था कागदावर लिहा

प्रणालीच्या चार अवस्था पुरेशा आहेत : विश्रांती, भरणे, प्रतीक्षा आणि बिघाड. प्रत्येक अवस्थेतून कोणत्या कारणाने कोणत्या अवस्थेत जायचे, हे बाण काढून लिहावे. वरची टाकी पाणी मागते आहे आणि खालच्या टाकीत पाणी आहे, असे दोन्ही खरे असेल तरच विश्रांतीतून भरण्याकडे जायचे. वरची टाकी भरली की भरण्यातून प्रतीक्षेकडे जायचे, म्हणजे मोटर लागोपाठ चालू-बंद होणार नाही. ठरवलेल्या कमाल वेळेत टाकी भरली नाही तर थेट बिघाडाकडे जायचे, आणि बिघाडातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच ठेवायचा : माणसाने येऊन बटण दाबणे. बिघाडातून आपोआप सुटका देण्याचा मोह टाळावा. खालचा फुटव्हॉल्व्ह गळत असेल आणि मोटर कोरडी फिरत असेल, तर दर अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करणारा नियंत्रक यांत्रिक सील जाळूनच थांबेल.

कमाल वेळ अंदाजाने ठरवू नये. तळाशी आलेली टाकी एकदा घड्याळ लावून भरावी आणि त्या वेळेत एक चतुर्थांश भर घालावी.

२. विजेची बाजू : रिलेने कॉन्टॅक्टर चालवा, मोटर नव्हे

सर्वांत जास्त चुका इथे होतात. बाजारातल्या निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असे छापलेले असते आणि एक अश्वशक्तीची मोटर चालू असताना साधारण ५ ते ६ अँपिअर घेते, म्हणून रिले पुरेल असे वाटते. परंतु मोटर सुरू होताना काही क्षण याच्या कित्येक पट करंट खेचते आणि बंद होताना संपर्कांमध्ये ठिणगी पडते. काही महिन्यांत रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात, आणि मग प्रोग्रामने कितीही सांगितले तरी मोटर बंद होत नाही. वर सांगितलेल्या नियमाच्या नेमके उलट घडते.

म्हणून रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. ओव्हरलोड रिलेचा सहायक संपर्क कॉइलच्याच मार्गात घ्यावा, म्हणजे मोटर तापली की बोर्डाचे मत न विचारता कॉइल सुटते. मोटरच्या मार्गावर एमसीबी (जास्त करंट गेल्यास तुटणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळल्यास तुटणारा स्विच) असावा. २३० व्होल्टची ही सगळी जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी आणि त्याला आपला कागदावरचा नकाशा दाखवावा. अनुभवी वायरमन आपल्या नजरेतून सुटलेली अर्थिंगची उणीव लगेच सांगतो.

कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना मोठा विद्युत झटका निर्माण होतो आणि त्यामुळे बोर्ड आपोआप रीसेट होतो. मोटर बंद होण्याच्या क्षणीच बोर्ड नव्याने सुरू होत असेल, तर प्रोग्राममध्ये दोष शोधत रात्र घालवू नका. कॉइलच्या दोन टोकांवर कॉन्टॅक्टर कंपनीचाच आरसी सप्रेसर, म्हणजे हा झटका शोषणारा भाग, बसवा.

३. फ्लोट स्विच : तुटलेली तार म्हणजे ‘थांबा’

केबल फ्लोटमधून बहुधा तीन तारा बाहेर येतात : एक सामाईक, एक फ्लोट वर असताना जोडली जाणारी आणि एक खाली असताना जोडली जाणारी. तारांचे रंग कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर बीपवर ठेवून, फ्लोट हातात उभा-आडवा करून जोडी ओळखावी.

जोडी निवडताना प्रश्न असा विचारावा : ही तार उंदराने कुरतडली तर नियंत्रकाला काय कळेल? वरच्या टाकीसाठी फ्लोट खाली असताना जोडली जाणारी जोडी घ्यावी. संपर्क जोडलेला असेल तर ‘जागा आहे, पाणी चढवता येईल’, आणि सुटलेला असेल तर ‘टाकी भरली’. तार तुटली तरी संपर्क सुटलेलाच दिसेल, म्हणजे नियंत्रक टाकी भरली असे समजून मोटर थांबवेल. खालच्या टाकीसाठी याउलट, फ्लोट वर असताना जोडली जाणारी जोडी घ्यावी. जोडलेला संपर्क म्हणजे ‘पाणी आहे’ आणि सुटलेला म्हणजे ‘पाणी नाही किंवा तार नाही’. आता दोन्ही फ्लोटना एकच अर्थ आला : जोडलेले असेल तरच परवानगी. उलट जोडणीही टेबलावर तितकीच छान चालते, आणि म्हणूनच ती धोकादायक आहे. तिचा दोष तार तुटेपर्यंत कळत नाही.

केबल फ्लोटचा आणखी एक गुण असा की केबलला लावलेल्या वजनापासून फ्लोटपर्यंत जितकी केबल मोकळी सोडू, तितके चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधले अंतर वाढते. त्यामुळे वरच्या टाकीत एकाच फ्लोटने काम भागते. टाकीच्या आत २३० व्होल्ट कधीही नेऊ नयेत. फ्लोटच्या वेष्टनावर तशी क्षमता लिहिलेली असली तरीही नाही.

४. अल्ट्रासोनिक सेन्सरला मर्यादित अधिकार

टाकीत किती टक्के पाणी आहे हे मोबाइलवर बघायला सर्वांनाच आवडते. त्यासाठी पुष्कळ जण स्वस्तातला एचसी-एसआर०४ लावतात. त्याचे दोन डोळे उघडे असतात आणि टाकीतल्या दमट हवेत ते लवकर गंजतात. जेएसएन-एसआर०४टी पाण्यापासून सुरक्षित असतो, मात्र सुमारे २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचे अंतर त्याला कळत नाही. त्यामुळे तो भरलेल्या पातळीच्या तेवढा वर बसवावा लागतो. आवाजाचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो : २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. मे महिन्यातल्या दुपारी एक मीटर अंतर मोजताना तीन सेंटिमीटरहून अधिक फरक पडतो तो यामुळेच. शिवाय पाणी पडत असताना उसळणाऱ्या लाटा आणि आतला पाइप यांमुळे मधूनच भलतेच आकडे येतात. पाच मोजमापे घेऊन चढत्या क्रमातले मधले स्वीकारणे हा सरासरीपेक्षा चांगला उपाय आहे.

माझे मत असे, की या सेन्सरला मोटर बंद करण्याचा अधिकार द्यावा, चालू करण्याचा देऊ नये. मोटर चालू होऊन पाच मिनिटे झाली तरी पातळी वाढलेली नसेल, तर मोटर कोरडी फिरते आहे असे समजून बिघाड जाहीर करावा. चालू करण्याचा निर्णय मात्र फ्लोटचाच.

५. पिना निवडताना

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या ईएसपी३२ मध्ये पिना पुष्कळ आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. ६ ते ११ या पिना आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात. त्यांना हात लावू नये. ०, २, ५, १२ आणि १५ या पिनांची स्थिती बोर्ड सुरू होताना तपासली जाते. बाराव्या पिनेवर बाहेरून व्होल्टेज असेल तर बोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते. ३४ ते ३९ या पिना फक्त वाचण्यासाठी असून त्यांना आतला पुलअप, म्हणजे संपर्क सुटलेला असताना पिन ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर, नाही. फ्लोटसाठी ३२ आणि ३३, रिलेसाठी २६, अल्ट्रासोनिकसाठी २५ आणि २७ ही निवड निर्धोक आहे.

बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. अल्ट्रासोनिक सेन्सरला ५ व्होल्ट दिले तर त्याचा परतीचा संकेतही ५ व्होल्टचा येतो, म्हणून तो १ आणि २ किलोओहमच्या विभाजकातून (व्होल्टेज कमी करणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या जोडीतून) घ्यावा. २ किलोओहमसाठी एकेक किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले तरी चालतात.

रिले मोड्यूलमध्येही एक छुपी अडचण आहे. पुष्कळ मोड्यूल संकेताचे व्होल्टेज शून्याकडे गेले की चालू होतात, आणि त्यांना ५ व्होल्ट दिलेले असताना बोर्डाचे ३.३ व्होल्ट ‘बंद’साठी पुरेसे ठरत नाहीत, रिले अर्धवट चालूच राहतो. मोड्यूलवर जेडी-व्हीसीसी लिहिलेला जंपर असेल तर तो काढावा, जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट आणि व्हीसीसीला ३.३ व्होल्ट द्यावेत. प्रोग्राममध्ये त्या पिनेवर आधी ‘बंद’ची पातळी लिहावी आणि मगच तिला आउटपुट करावे, नाहीतर प्रत्येक वेळी वीज आली की कॉन्टॅक्टर एकदा खट्‌कन ओढला जाईल.

गच्चीवरून येणाऱ्या लांब तारेसाठी बोर्डाच्या आतला पुलअप फार दुबळा पडतो. बाहेरून ४.७ किलोओहमचा पुलअप, पिनेच्या आधी १ किलोओहम आणि पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा. अंतर खूप असेल तर १२ व्होल्टवर ऑप्टोकपलरमार्फत संकेत आणावा. ही तार मोटरच्या तारेबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये.

६. संगणकाची तयारी

आर्दुइनो आयडीई (प्रोग्राम लिहून बोर्डात भरण्याचे सॉफ्टवेअर) स्थापित करून बोर्ड मॅनेजरमधून एस्प्रेसिफचे ईएसपी३२ पॅकेज घ्यावे. पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी, कारण मोबाइलबरोबर आलेल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यानंतर बोर्डावरच्या यूएसबी चिपचा, म्हणजे सीपी२१०२ किंवा सीएच३४० चा, ड्रायव्हर तपासावा. अपलोड सुरू होताना बोर्ड जोडला जात नसेल तर बूट लिहिलेले बटण दाबून धरावे. जुन्या लेखांतला प्रोग्राम नव्या पॅकेजवर अडला तर घाबरू नये. आवृत्ती ३ मध्ये वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर बोर्ड रीसेट करणारा पहारेकरी) सुरू करण्यासारख्या काही गोष्टींची पद्धत बदलली आहे.

सीरियल मॉनिटर ११५२०० वेगावर उघडून ठेवावा. तिथे ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा, संदेश वारंवार दिसला तर दोष अडॅप्टरचा किंवा बारीक केबलचा आहे, कारण वाय-फाय सुरू होताना बोर्ड क्षणभर बराच जास्त करंट मागतो.

७. प्रोग्रामचा गाभा

प्रोग्राम लहान ठेवावा. मुख्य चक्रात प्रत्येक फेरीला तीनच कामे : फ्लोट वाचणे, अवस्था ठरवणे, रिले त्या अवस्थेप्रमाणे ठेवणे. मध्ये कुठेही डिले (ठरलेला वेळ नुसते थांबण्याची आज्ञा) वापरू नये, कारण तो चालू असताना या चक्राला टाकी भरल्याचे कळत नाही. वेळ मोजण्यासाठी मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वापरावे. हा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. म्हणून ‘आत्ताची वेळ, वजा सुरुवातीची वेळ’ अशी चिन्हरहित संख्यांची वजाबाकी करून ती मर्यादेशी ताडून पाहावी; ‘सुरुवात अधिक मर्यादा’ अशी बेरीज करून तुलना करू नये. पहिली पद्धत शून्यावर आल्यावरही बरोबर उत्तर देते. दुसरी दीड महिना उत्तम चालून एके दिवशी चुकते, आणि असा दोष शोधणे फार कठीण असते.

पाणी हलते, त्यामुळे फ्लोटचा संपर्क थरथरतो. सलग तीन सेकंद एकच स्थिती राहिली तरच ती खरी मानावी. वीज आल्यावर किमान दोन मिनिटे काहीही चालू करू नये. भारनियमनानंतर पहिल्या मिनिटांत व्होल्टेज खालीवर होत असते. वॉचडॉग सुरू करून त्याला फक्त मुख्य चक्रातूनच संकेत द्यावा, म्हणजे चक्र अडकले तर बोर्ड रीसेट होऊन मोटर सुटेल. नोंदी फ्लॅशमध्ये दर सेकंदाला लिहू नयेत, कारण फ्लॅशचा प्रत्येक भाग साधारण एक लाख वेळाच पुन्हा लिहिता येतो. अवस्था बदलली की लिहिणे पुरेसे आहे. बिघाडाची अवस्था मात्र अवश्य लिहावी, नाहीतर वीज जाऊन आली की बिघाड विसरला जाईल.

८. मोटर न जोडता चाचणी

कॉन्टॅक्टरच्या जागी साधा बल्ब लावून, फ्लोट हातात धरून सगळे बाण एकेक करून तपासावेत. मग मुद्दाम बिघाड घडवावेत : मोटर ‘चालू’ असताना वरच्या फ्लोटची तार काढावी, खालच्याची काढावी, अडॅप्टर काढून पुन्हा लावावा, आणि चाचणीपुरती प्रोग्राममध्ये न संपणारी फेरी घालून वॉचडॉग खरोखर धावून येतो का ते पाहावे. कमाल वेळ तात्पुरती एक मिनिट करून बिघाडाची अवस्था येते का, वीज घालवून आणल्यावरही ती टिकते का, हेही पाहावे. या प्रत्येक प्रसंगी बल्ब विझला पाहिजे. एकाही प्रसंगात तो पेटलेला राहिला तर पुढे जाऊ नये.

९. डबा, केबल आणि पावसाळा

केबल डब्यात नेहमी खालून, ग्लँडमधून घ्यावी आणि आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न शिरता झोळातून खाली गळते. न वापरलेली छिद्रे बुजवावीत. मुंग्या आणि पाली उबदार डब्यात हमखास घर करतात. डबा उन्हात राहणार नाही अशी भिंत निवडावी. डब्यावर ‘स्वयंचलित – बंद – हाताने’ असा तीन स्थितींचा स्विच असलाच पाहिजे. ‘हाताने’ या स्थितीत बोर्ड पूर्ण वगळला जावा, ओव्हरलोड मात्र वगळला जाऊ नये. घरातल्या आजींना प्रोग्राम माहीत असण्याची गरज नाही. पाणी हवे असेल तेव्हा स्विच फिरवता आला पाहिजे.

१०. वाय-फाय सर्वांत शेवटी

आतापर्यंत उभी राहिलेली प्रणाली इंटरनेटशिवाय पूर्ण काम करते, आणि वाय-फाय जोडल्यानंतरही ती तशीच राहिली पाहिजे. ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय कळते; राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असेल तर जोडणीच्या वेळी २.४ चे वेगळे नाव ठेवावे. पुष्कळ नमुना प्रोग्राममध्ये ‘जोडणी होईपर्यंत थांब’ अशी फेरी असते. ती काढून टाकावी, नाहीतर राउटर बंद असताना टाकीकडे लक्ष द्यायला कोणी उरणार नाही.

माहिती दाखवण्यासाठी एमक्यूटीटी (उपकरणांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणे एका जागी दाखवणारे सॉफ्टवेअर) ही जोडी घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरशिवाय चालते, म्हणून मी ती पसंत करतो. मोबाइलवरून ‘मोटर चालू’ ही आज्ञा द्यायची असेल तर ती विनंती मानावी. अंतिम निर्णय फ्लोट पाहून बोर्डानेच घ्यावा.

सुरक्षेकडे दुर्लक्ष करू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेऊन इंटरनेटवरच्या मोठमोठ्या सेवा ठप्प केल्या होत्या. आपले उपकरण राउटरवर पोर्ट उघडून बाहेरच्या जगाला दाखवू नये, शक्य असेल तर ते पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवावे, आणि दूरस्थ अद्ययावतीकरणाला पासवर्ड लावून ते फक्त मोटर बंद असतानाच स्वीकारले जाईल अशी अट प्रोग्राममध्ये घालावी.

११. हस्तांतर

जोडणीचा नकाशा, पिनांची यादी, कमाल वेळ आणि प्रोग्रामची तारीख एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. प्रोग्रामची प्रत संगणकाबाहेरही ठेवावी. दर महिन्याला एकदा मोटर चालू असताना वरचा फ्लोट काठीने उचलून मोटर थांबते का ते पाहावे, आणि टाकी धुण्याच्या दिवशी फ्लोटवर साचलेला शेवाळ-क्षारांचा थर पुसावा. पाणी जड असलेल्या भागात हा थर इतका वाढतो की फ्लोट वर उचललाच जात नाही, आणि जोडणी कितीही काळजीपूर्वक केलेली असली तरी त्या दोषाला तुटलेल्या तारेचा नियम लागू पडत नाही. तिथे मोटर थांबवण्यासाठी फक्त कमाल वेळेची मर्यादा आणि बसवला असेल तर अल्ट्रासोनिक सेन्सर एवढेच उरते.